केमहून शिकागोला, गाड्या बदलत

पहाटे पाचला घराबाहेर पडलो तेव्हा केम अजून झोपेत होतं. दिवाळी नुकतीच सरली होती, नोव्हेंबर २०२५ चे पहिलेच दिवस, हवेत गारवा. जीपमध्ये मागे चार बॅगा, मधल्या सीटवर आई आणि तिच्या मांडीवर एक कापडी पिशवी. उत्तरेश्वराच्या दिशेनं तिनं हात जोडले आणि जीपवाल्याला म्हणाली, "चल रं बाबा." आम्हाला जायचं होतं शिकागोला, माझ्या धाकट्या भावाकडे. म्हणजे पश्चिमेला. जीप मात्र निघाली पूर्वेला, कुर्डुवाडीकडे.

केम हे करमाळा तालुक्यातलं, मुंबई-सोलापूर लोहमार्गावरचं गाव. कुंकवासाठी ओळखलं जाणारं. पंढरपूर-तुळजापूरच्या दुकानांत ढीग लावून विकलं जाणारं कुंकू बऱ्याचदा आमच्याकडून गेलेलं असतं. गावाला रेल्वे स्थानक आहे, पण मुंबईची वंदे भारत तिथं थांबत नाही. ती थांबते वीसेक किलोमीटर मागे, कुर्डुवाडीला. म्हणून आधी उलट जायचं, तिथं गाडी धरायची आणि मग त्याच गाडीतून आपल्याच गावावरून पुढे जायचं. सातनंतर थोड्याच वेळात केमचं स्थानक खिडकीतून सर्रकन मागे गेलं. नावाची पाटीसुद्धा नीट वाचता आली नाही. आई म्हणाली, "आगं, आपलंच गाव की हे! दोन तास झालं निघून, अजून हितंच हाय आपण."

विमानाच्या प्रवासाचं सगळं गणित तिच्या त्या एका वाक्यात आहे. लहान गावातून लांब जाणाऱ्याला थेट वाट मिळत नाही. आधी जंक्शन गाठावं लागतं, कधी उलट्या दिशेनं. विमान कंपन्या ज्याला हब म्हणतात ते दुसरं काही नाही, विमानांचं कुर्डुवाडी जंक्शन आहे. दुबई, अबुधाबी, दोहा, फ्रँकफर्ट, लंडन, सिंगापूर ही सगळी अशी जंक्शनं. चार दिशांनी आलेले प्रवासी तिथं उतरतात, आपापली पुढची गाडी धरतात. हे एकदा डोक्यात बसलं की 'कनेक्टिंग फ्लाइट' या शब्दाची भीती निम्मी कमी होते.

आमच्या भागातल्या लोकांना तर ही भीती वाटण्याचं कारणच नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ पुण्याहून बार्शी रोडपर्यंत आला १८५९ मध्ये आणि सोलापूरला पोचला १८६० मध्ये. बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी. पुढे १८९७ मध्ये तिथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे धावू लागली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं ती उभी केली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत जागा धरली. रुळांची रुंदी वेगळी, त्यामुळे डबा पुढे जाऊच शकत नसे. माणूस, वळकटी, पोरंबाळं, सगळ्यांनी उतरायचं आणि बदलायचं. हे चांगलं शंभर वर्षं चाललं. पंढरपूर-कुर्डुवाडी आणि कुर्डुवाडी-बार्शी हे मार्ग रुंद झाले ते २००० नंतर.

माझी आई बार्शीची. लग्न होऊन केमला आली ती बार्शी लाईटनं कुर्डुवाडीपर्यंत आणि तिथून मोठ्या गाडीनं. दादरच्या वाटेवर, वंदे भारतच्या गार डब्यात बसून तिनं मला ती सगळी हकिगत पुन्हा सांगितली. लग्नातली लोखंडी पेटी दोन माणसांनी उचलून एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर नेली होती. "आण्णांनी बार्शीलाच केमपत्तरचं तिकीट काढलं हुतं. कुर्डुवाडीला परत रांग लावायची भानगड न्हाई. पर मोठी गाडी चुकली तर रात्र फलाटावरच, हे बी सांगितलं हुतं. म्हणून सकाळच्या लाईटनं निगालो, दुपारची गाडी धरायला."

तिच्या वडिलांनी दोन गोष्टी नेमक्या केल्या होत्या. शेवटपर्यंतचं एकच तिकीट काढलं आणि दोन गाड्यांमध्ये भरपूर वेळ सोडला. साठ वर्षांनी, विमानानं अर्धी पृथ्वी ओलांडताना, याहून वेगळं मला काही करावं लागलं नाही.

तिकिटाचं आधी सांगते, कारण तिथंच लोक सर्वांत जास्त फसतात. माझा एक भाचा दोन वर्षांपूर्वी शिकायला परदेशी निघाला. पैसे वाचावेत म्हणून त्यानं तिकिटं दोन तुकड्यांत काढली. पुण्याहून उत्तरेतल्या एका मोठ्या विमानतळापर्यंत एका कंपनीचं आणि तिथून पुढे दुसऱ्या कंपनीचं. मध्ये तीन तास. कागदावर तीन तास भरपूर दिसतात. जानेवारी महिना होता, धुक्यामुळे पहिलं विमान दोन तास उशिरा सुटलं. उतरला तो एका टर्मिनलवर, पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून. बॅगा पट्ट्यावर यायला अर्धा तास गेला. तो धापा टाकत काउंटरवर पोचला तेव्हा काउंटर बंद झालेलं होतं. दुसऱ्या कंपनीच्या लेखी तो आलाच नव्हता, एवढंच. त्याचं पहिलं विमान का उशिरा आलं याच्याशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. पुढचं तिकीट गेलं, नवं काढावं लागलं, आणि ऐन वेळचं ते तिकीट वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट महाग पडलं. त्याच्या आईनं दागिना मोडून पैसे पाठवले. ती रात्र मी तिच्याजवळ बसून काढली आहे. म्हणून हे सगळं इतक्या कळकळीनं लिहिते आहे.

एका तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर, दोन्ही उड्डाणं असली तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकल्यास पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी असते. बॅगही साधारणपणे थेट शेवटच्या गावाला जाते. दोन वेगळ्या तिकिटांवर ही जबाबदारी तुमची. बॅग पट्ट्यावरून घ्या, बाहेर पडा, पुन्हा रांग लावा, पुन्हा द्या. परदेशातल्या विमानतळावर हे करायचं म्हणजे त्या देशात पाऊल टाकायचं, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. हल्ली तिकीट विकणारी काही संकेतस्थळं दोन वेगळी तिकिटं जोडून एकाच प्रवासासारखी दाखवतात. कुठंतरी बारीक अक्षरात 'सेल्फ ट्रान्सफर' असं लिहिलेलं असतं. ते दोन शब्द दिसले की थांबावं. चार-पाच हजारांच्या फरकासाठी म्हातारी माणसं किंवा पहिल्यांदाच निघालेली पोरं या वाटेला लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

निघायचं कुठून, हा आमच्यापुढचा पहिला प्रश्न होता. केमच्या माणसाला तीन विमानतळ जवळचे म्हणता येतात. सोलापूर, पुणे आणि मुंबई.

सोलापूरच्या होटगी रोडच्या विमानतळाची कहाणी जिल्ह्यात सगळ्यांना पाठ आहे. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या वाटेत येत होती, ती जून २०२३ मध्ये पाडली. त्यानंतर दोन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, फ्लाय ९१ चं गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबरमध्ये स्टार एअरचं मुंबईचं. मुंबईचं तिकीट पाहून माझाही जीव हलला होता. पण आमच्यासाठी सोलापूर म्हणजे शंभरएक किलोमीटर उलटं जाणं. शिवाय ते तिकीट परदेशाच्या तिकिटाशी जोडून मिळालं नाही तर भाच्याचीच गोष्ट पुन्हा. हे विमान रद्द झालं की पुढचं सगळं कोसळणार. सोलापुरातच राहणाऱ्याचं, एक दिवस आधी मुंबईत पोचून मुक्काम करणाऱ्याचं गणित वेगळं असेल. त्यांनी जरूर त्या विमानानं जावं, ते टिकलं पाहिजे.

पुणे रस्त्यानं सोपं. टेंभुर्णी गाठायची आणि इंदापूर, भिगवणवरून महामार्गानं जायचं. लोहगावचं नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं, जुन्याच्या मानानं मोकळं आहे. पण तिथली धावपट्टी हवाई दलाची आहे आणि साधारण अडीच किलोमीटर लांब. अमेरिकेपर्यंतचं इंधन भरलेलं मोठं विमान तिथून उडत नाही. दुबई, बँकॉक अशी थोडी परदेशी उड्डाणं आहेत, बाकी पुण्याहून निघालेला माणूस बहुधा दिल्लीसारख्या मोठ्या विमानतळावर बदलतो. एकाच तिकिटावर पुणे-दिल्ली-अमेरिका मिळालं तर ते चांगलं. बॅग पुण्यातच शेवटपर्यंत लागते, इमिग्रेशन दिल्लीला होतं. अट एकच, डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या धुक्याचा हिशोब धरून मध्ये मोठी फट ठेवायची. आणि दिल्लीला टी-१ वर उतरून टी-३ वरून उडायचं असेल तर दोन्हींमध्ये काही किलोमीटर रस्ता आहे, हे तिकीट काढण्यापूर्वी माहीत असावं.

आम्ही मुंबई निवडली. अबुधाबीमार्गे शिकागो, एकच तिकीट, एकच बदल. रेल्वेचं तिकीट अर्थातच वेगळं होतं, त्याची भरपाई मी वेळेनं केली. विमान रात्रीचं होतं तरी आम्ही दुपारी बाराच्या सुमाराला दादरला उतरणारी गाडी घेतली. लोक म्हणाले, एवढं आधी जाऊन करायचंय काय? सोलापूर-मुंबई मार्गावर बोरघाट आहे, मालगाड्या आहेत, गाडी तीन तास उशिरा येऊ शकते. तशी आली असती तरी आम्ही आरामात पोचलो असतो. वंदे भारत आठवड्यातून सहा दिवसच धावते हेही लक्षात ठेवावं लागतं. विमानाची तारीख पक्की करण्याआधी मी रेल्वेचा वार पाहिला होता.

मुंबई विमानतळ म्हटलं की लोक एकच जागा समजतात. धावपट्ट्या त्याच, पण टर्मिनल दोन. सांताक्रूझकडचं टी-१ आणि अंधेरी-सहारकडचं टी-२. रस्त्यानं एकाकडून दुसरीकडे जायला चार-पाच किलोमीटर पडतात आणि मुंबईच्या वाहतुकीत त्याला किती वेळ लागेल याचा नेम नाही. परदेशी उड्डाणं सगळी टी-२ वरून. देशातली काही टी-१ वरून, काही टी-२ वरून. तिकिटावर छापलेला तो 'टी'चा आकडा निघायच्या दिवशी पुन्हा एकदा पाहावा, कारण कंपन्या टर्मिनल बदलतात. आता मेट्रो ३ मुळे सोय चांगली झाली आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत धावते. सीएसएमटीला रेल्वेतून उतरलेला एकटा, हलक्या बॅगेचा माणूस खाली मेट्रोत शिरला की थेट टी-१ किंवा टी-२ च्या स्थानकावर निघतो. आमच्याकडे चार मोठ्या बॅगा आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई. आम्ही दादरला टॅक्सी केली.

यात आता एका नव्या गोष्टीची भर घालते. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. तिकिटावर मुंबईचं सांकेतिक नाव बी-ओ-एम असतं, नवी मुंबईचं एन-एम-आय. गावाकडच्या माणसाला दोन्ही 'मुंबई'च वाटणार. एका विमानानं नवी मुंबईला उतरून दुसरं सहारहून धरायचं म्हणजे मध्ये खाडी आणि अख्खं शहर. गोव्यातही असंच आहे, दाबोळीचं जी-ओ-आय आणि मोपाचं जी-ओ-एक्स. गावाचं नाव वाचू नका, ही तीन अक्षरं वाचा.

आणि तारीख. आपल्या पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. रात्रीचे दोन वाजले तरी आपल्या घरातल्या माणसांच्या मनात तो आदलाच वार असतो. विमानाचा दिवस मात्र रात्री बाराला बदलतो. '१२ तारखेला पहाटे १:३०' याचा अर्थ ११ तारखेला संध्याकाळी घर सोडायचं. १२ तारखेची रात्र समजून एक पूर्ण दिवस उशिरा विमानतळावर पोचलेली माणसं मी पाहिली आहेत. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावाची असते, हेही सांगून ठेवते. अबुधाबी आपल्या दीड तास मागे. शिकागो हिवाळ्यात साडेअकरा तास मागे, उन्हाळ्यात साडेदहा. मधला थांबा किती हे काढताना एकाच गावाच्या उतरण्याच्या आणि उडण्याच्या वेळा वजा करायच्या, म्हणजे चूक होत नाही.

बॅगा आम्ही केमलाच तीन वेळा भरल्या होत्या. आईला भावाच्या बायकोसाठी आणि तिच्या मैत्रिणींसाठी केमचं कुंकू न्यायचं होतं, चांगलं दोन किलो. तिचा आग्रह होता की ते जवळच्या पिशवीत ठेवायचं, सामानात इकडंतिकडं टाकायचं नाही. तिला समजवायला वेळ लागला. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेतल्या पुडीवर जून २०१८ पासून निर्बंध आहेत. साधारण ३५० मिलिलिटरच्या मापाहून जास्त पूड असेल तर ती वेगळी तपासतात आणि काय आहे ते ठरवता आलं नाही तर आत नेऊ देत नाहीत. कुंकू, हळद, पीठ, सत्तू, सगळं यात येतं. शेवटी मी पाव-पाव किलोच्या पुड्या केल्या, प्रत्येक पुडी दोन पिशव्यांत घातली, तोंडं मेणबत्तीवर चिकटवली आणि जुन्या सुती साडीत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मध्यभागी ठेवली. ओटीच्या सामानातून खोबऱ्याच्या वाट्या काढल्या, सुकं खोबरं तेलकट आणि पेट घेणारं म्हणून विमानात चालत नाही. कापूर काढला, तोही पेटणारा. शेंगदाण्याची चटणी राहिली. कढीपत्ता मात्र आईनं डोळ्यांदेखत बाहेर ठेवला, अमेरिकेत ताजी पानं-फळं नेता येत नाहीत. दुबईला जाणाऱ्यांनी खसखस चुकूनही नेऊ नये, तिथं तो गुन्हा आहे. मोबाइलची पॉवर बँक याच्या उलट, ती मोठ्या बॅगेत ठेवायची नाही, हातातच ठेवायची.

टी-२ च्या दाराशी पोचलो तेव्हा दुपार होती. फेब्रुवारी २०१४ पासून चालू असलेली ही इमारत, निघणाऱ्यांचा मजला सर्वांत वर, चौथा. आत शिरल्यावर छताकडे बघत आई क्षणभर थांबली. पांढरे खांब वर जाऊन मोराच्या पिसाऱ्यासारखे फुलतात. तिनं विचारलं, "देऊळ हाय का काय?" भिंतींवर देशभरातली जुनी शिल्पं, दारं, गवाक्षं मांडली आहेत. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी ती बघावीत. आमच्याकडे वेळ होता, म्हणून बघता आली. शेवटच्या घटकेला पोचणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही.

आईसाठी मी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागितली होती. ती फुकट असते, पण निदान दोन दिवस आधी कळवावं. मागताना नेमकं सांगावं लागतं. जिने चढता येतात पण लांब चालवत नाही, जिनेही चढता येत नाहीत, की अजिबातच चालता येत नाही, असे तीन प्रकार आहेत. आईला चालता येतं. पण अशा प्रचंड टर्मिनलमध्ये गेट एक-एक किलोमीटर दूर असतं आणि भाषेची अडचण वेगळी. व्हीलचेअर ढकलणारा मुलगा मराठी निघाला, त्यानं तिला 'आज्जी' म्हटलं आणि तिचा चेहरा सैल झाला. एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. व्हीलचेअरवाल्यांना विमानातून सर्वांत शेवटी उतरवतात. म्हणजे कनेक्शनच्या वेळातली वीस-तीस मिनिटं तिथंच गेली. म्हणून म्हाताऱ्या माणसांसाठी दीड तासाचं कनेक्शन घेऊ नये, तिकीट देणारी कंपनी ते देत असली तरीही. प्रत्येक विमानतळाचा एक किमान कनेक्शन वेळ ठरलेला असतो आणि तेवढा भरला की संगणक तिकीट विकतो. तो आकडा धडधाकट, सराव असलेल्या माणसाचा असतो. मी एकाच तिकिटावर, एकाच टर्मिनलमध्ये तीन तास धरते. टर्मिनल बदलायचं असेल तर चार. तिकिटं वेगळीच काढावी लागली तर मध्ये एक रात्र.

काउंटरवर बॅगा वजनकाट्यावरून पट्ट्यावर गेल्या. मुलीनं प्रत्येकीच्या मुठीला लांब पांढरी पट्टी डकवली. आई खुर्चीतून वाकून बघत होती.

"ही पेटी आता परत कुठं दिसायची?"

"शिकागोलाच."

"मधी बदलायची तवा?"

"ते लोक बदलतात, आई."

मी तिला पट्टीवरची तीन मोठी अक्षरं दाखवली, ओ-आर-डी. शिकागोच्या ओहेर विमानतळाचं पूर्वीचं नाव ऑर्चर्ड फील्ड होतं, त्याची ही खूण. पट्टीवर शेवटच्या गावाची अक्षरं आहेत की मधल्याच गावाची, हे प्रत्येकानं काउंटर सोडण्याआधी वाचावं. मधल्याच गावाची असतील तर तिथं बॅग उचलावी लागेल. पट्टीचे छोटे तुकडे मी पासपोर्टच्या आत ठेवले. बॅग हरवली तर तोच पुरावा.

अबुधाबीला उतरलो तेव्हा तिथं मध्यरात्र व्हायची होती. टर्मिनल ए हे नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेलं, एकाच छपराखालचं मोठं टर्मिनल, त्यामुळे बस किंवा आगगाडीनं दुसरीकडे जावं लागलं नाही. दुबईला तसं नाही. तिथं एमिरेट्स टी-३ वर आणि टी-२ धावपट्टीच्या पलीकडे. अबुधाबी निवडण्याचं माझं मोठं कारण वेगळं होतं. तिथं २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन आहे. अमेरिकेचे अधिकारी तिथंच बसतात, बोटांचे ठसे घेतात, प्रश्न विचारतात आणि प्रवेश मंजूर करतात. पुढे अमेरिकेत उतरल्यावर माणूस देशातल्या देशात आल्यासारखा बाहेर पडतो. इतर बहुतेक वाटांनी गेलं तर अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर सगळ्यांना इमिग्रेशन करावं लागतं, पुढे कुठंही जायचं असो. बॅगा उचलाव्या लागतात, कस्टममधून न्याव्या लागतात आणि पुन्हा द्याव्या लागतात. न्यूयॉर्कला दोन तासांत हे सगळं उरकून पुढचं विमान धरायचं म्हणजे जीव मुठीत घेणं.

या तपासणीला वेळ लागतो. आधी बदलणाऱ्यांची सुरक्षा तपासणी, मग अमेरिकेच्या पद्धतीची दुसरी, बूट-पट्टे काढून, आणि मग अधिकारी. आम्हाला पाच तासांचा थांबा होता, त्यातले दोन तास यातच गेले. अधिकाऱ्यानं पडद्यावर आमच्या बॅगांचा फोटो दाखवून विचारलं, या तुमच्याच का? आईनं लाल दोरा बांधलेली आपली बॅग ओळखली आणि मोठ्यांदा म्हणाली, "माझीच!" किती दिवस राहणार, कोणाकडे, खायचं काय आणलं आहे, एवढंच विचारलं. तिचा परतीचा कागद, भावाचा पत्ता आणि फोन मी एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून तिच्या पिशवीत ठेवला होता. मी सोबत नसते तरी तिचं काम अडलं नसतं. एकट्या आई-वडिलांना पाठवणाऱ्या प्रत्येकानं अशी चिठ्ठी द्यावी.

मधल्या देशाच्या व्हिसाबद्दलही इथंच सांगते. अबुधाबी-दुबईला टर्मिनलच्या आतल्या आत विमान बदलायला व्हिसा लागत नाही. लंडनला भारतीय पासपोर्टवर आतल्या आत बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका-कॅनडासारख्या देशाचा चालू व्हिसा हातात असेल तर त्यातून सूट मिळते. अमेरिकेतून दुसऱ्या देशात जाणाऱ्याला मात्र नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. हे नियम बदलत राहतात, तिकिटाचे पैसे भरण्याआधी त्या देशाच्या सरकारी पानावर वाचावेत.

पुढचं विमान पंधरा तासांचं. दर दोन तासांनी मी आईला उठवून मागच्या मोकळ्या जागेपर्यंत चालवत होते. शिकागोला सकाळ होती, थंडी बोचत होती. अबुधाबीत सगळं उरकलेलं, त्यामुळे पट्ट्यावर बॅगा येण्याचीच वाट बघितली. चारही आल्या. लाल दोऱ्याची सर्वांत शेवटी आली.

भावाच्या घरी ती बॅग पहिल्यांदा उघडली. साडीचा वेढा सोडवला, पुड्या मोजल्या. आठच्या आठ कोरड्या होत्या. शिकागोला १९६९ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, संक्रांतीची हळदीकुंकवं तिथं घरोघरी होतात. आईचा मुक्काम तोवर होता आणि त्या वर्षी तिच्या सुनेच्या घरी आलेल्या प्रत्येकीला केमचं कुंकू लागलं.

परतीचं एक राहिलं. परदेशातून येताना भारतात जिथं पहिल्यांदा उतराल तिथं साधारणपणे बॅगा घ्याव्या लागतात आणि कस्टममधून न्याव्या लागतात, पुढचं विमान देशातलं असलं तरी. दिल्लीमार्गे पुण्याला येणाऱ्यांनी त्यासाठी चार तास ठेवावेत. मुंबईला उतरून रेल्वेनं येणाऱ्यांनी त्याच दिवसाचं आरक्षण केलं तर सहा-सात तासांची फट सोडावी, नाहीतर एक रात्र मुंबईत काढावी. आम्ही नातेवाइकांकडे रात्र काढली.

जाताना केमच्या दारापासून भावाच्या दारापर्यंत आम्हाला एकेचाळीस तास लागले. त्यातले हवेत अठरा होते. उरलेले तेवीस तास गाड्या बदलण्यात, रांगेत आणि वाट बघण्यात गेले. तुमच्या घरातलं कोणी निघणार असेल तर तिकिटाचा दर पाहण्याआधी हे तेवीस तास कागदावर मांडा.